हिवतापाचा डॉलर: कुठून निघतो, थांबवला तर कुठे जातो

‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ ही आपल्याकडची म्हण एखाद्या अमेरिकी मतदाराला समजावून सांगितली, तर त्याला ती चटकन पटेल. त्याच्या देशात सुमारे २ कोटी ६० लाख लोकांकडे आरोग्यविमा नाही. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने २०२३ या एका वर्षात तिथे एक लाखाहून अधिक माणसे दगावली. आणि त्याच वेळी त्याच्या कराच्या पैशातून आफ्रिकेतल्या मुलांसाठी मच्छरदाण्या घेतल्या जात होत्या. ‘आधी घरचं बघा’ हे त्याचे म्हणणे क्षुद्र ठरवून बाजूला सारता येत नाही. ते तपासायचे तर हा पैसा किती, तो कुठल्या वाटेने जातो आणि थांबवला तर कुठे वळतो, हे एकेक करून पाहावे लागते.

रक्कम किती

३० जून २००५ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘प्रेसिडेंट्स मलेरिया इनिशिएटिव्ह’ ही योजना जाहीर केली. पाच वर्षांत १२० कोटी डॉलर खर्चून आफ्रिकेतल्या १५ देशांत हिवतापाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे तिचे उद्दिष्ट होते. पुढे देशांची संख्या ३० वर गेली. त्यांतले २७ आफ्रिकेतले आणि बाकीचे आग्नेय आशियातले. २०२४ साली या योजनेची तरतूद ७९ कोटी ५० लाख डॉलर होती. याशिवाय एड्स, क्षय आणि हिवताप यांसाठी २००२ पासून काम करणाऱ्या ‘ग्लोबल फंडा’तही अमेरिकेचा वाटा असतो. फंडाच्या एकूण रकमेत हा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होऊ नये, असे बंधन अमेरिकी कायद्यानेच घातले आहे.

आता घरचा आकडा. २०२३ साली अमेरिकेत सरकार, विमा कंपन्या आणि नागरिक यांनी मिळून आरोग्यावर सुमारे ४ लाख ९० हजार कोटी डॉलर खर्च केले, म्हणजे ताशी साधारण ५६ कोटी. या हिशेबाने मलेरिया योजनेची वर्षभराची तरतूद घरच्या दीड तासाच्या खर्चाहूनही कमी भरते. दर अमेरिकी माणसामागे ती वर्षाला अडीच डॉलरच्या आत आहे. जनमत चाचण्यांमध्ये मात्र अमेरिकी लोकांचा सरासरी अंदाज असा निघतो, की केंद्रीय अंदाजपत्रकाचा चौथा हिस्सा परदेशी मदतीवर जातो. प्रत्यक्षात तो सुमारे एक टक्का असतो, आणि हिवतापाचा पैसा त्या एका टक्क्यातला लहानसा भाग.

तरीही रक्कम लहान आहे एवढ्याने आक्षेप मोडत नाही. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींना वैद्यकीय सेवा देण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’वर आहे. या समाजाचे सरासरी आयुर्मान २०२१ साली ६५ वर्षांपर्यंत खाली आले होते. या सेवेची वार्षिक तरतूद सुमारे ७०० कोटी डॉलर आहे. हिवतापाचे ७९ कोटी ५० लाख तिकडे वळवले, तर तिचे अंदाजपत्रक एकदम ११ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे घरी या पैशाला काम आहे, आणि तेही तातडीचे.

पैसा काय करतो

अमेरिकी काँग्रेस दरवर्षी तरतूद मंजूर करते. मग प्रत्येक देशासाठी वर्षाचा आराखडा तयार होतो: किती मच्छरदाण्या, किती तपासणी संच, किती गोळ्या, कोणत्या जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर फवारणी. खरेदी जगभरातून होते, आणि त्यातला काही पैसा आपल्याकडे येतो. आर्टेमिसिनिनवर आधारलेल्या हिवतापाच्या गोळ्या जगाला पुरवणाऱ्यांत सिप्ला, इप्का आणि अजंता फार्मा या मुंबईच्या कंपन्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केलेली ‘आर-२१’ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली असून तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. तिच्या एका मात्रेची किंमत दोन ते चार डॉलर आणि मात्रा चार. त्यामुळे परदेशी मदत बंद झाल्याची बातमी लागोसइतकीच पुण्या-मुंबईच्या कारखान्यांतही वाचली जाते.

या सगळ्यात मच्छरदाणी सर्वांत साधी, पण तिचे काम दुहेरी आहे. हिवताप पसरवणारी अॅनोफिलीस डासांची मादी मुख्यतः रात्री चावते. कीटकनाशक मुरवलेली जाळी तिला अडवते आणि जाळीवर बसली की मारतेही. गावातली बहुतेक घरे मच्छरदाणी वापरू लागली की डासांचीच संख्या घटते, आणि ज्यांच्याकडे मच्छरदाणी नाही त्यांनाही संरक्षण मिळते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात रोग पावसाळ्यात एकवटतो. तिथे लहान मुलांना त्या तीन ते पाच महिन्यांत महिन्यातून एकदा प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात.

घरी पोहोचलेली एक मच्छरदाणी सुमारे पाच डॉलरला पडते. दानाचा हिशेब तपासणाऱ्या ‘गिव्हवेल’ या अमेरिकी संस्थेच्या अंदाजाप्रमाणे, योग्य ठिकाणी मच्छरदाण्या किंवा प्रतिबंधक गोळ्या दिल्या तर साधारण ३ ते ५ हजार डॉलरमागे एक जीव वाचतो. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. रस्ते-सुरक्षेचा एखादा नियम परवडतो की नाही हे ठरवताना अमेरिकेचे वाहतूक खाते एका वाचलेल्या जिवामागे १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपासचे मोल धरते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत नवे औषध घ्यावे का, हे ठरवताना निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा अनेक वर्षे वापरली गेली.

या तफावतीचे कारण असे, की श्रीमंत देशांत स्वस्तात जीव वाचवणारी बहुतेक कामे केव्हाच झाली आहेत. जी उरली ती महागडी आणि गुंतागुंतीची. २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मेली. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले, आणि आफ्रिकेतल्या मृतांत दर चारांपैकी तीन पाच वर्षांखालची मुले होती. तिथे पाच डॉलरचे काम अजून बाकी आहे.

अमेरिकेने आपला हिवताप कसा घालवला

अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिवताप होता. दुसऱ्या महायुद्धात लष्करी तळांभोवतीचे डास आटोक्यात ठेवण्यासाठी १९४२ मध्ये एक खाते उघडले गेले. त्यातूनच १९४६ मध्ये आजची ‘सीडीसी’ ही केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये नसून अटलांटात आहे, कारण रोग त्या बाजूला होता. १९४७ मध्ये आग्नेयेकडच्या १३ राज्यांत निर्मूलन मोहीम सुरू झाली. १९४९ अखेर घरांमध्ये ४६ लाखांहून अधिक वेळा डीडीटी फवारले गेले, आणि १९५१ पर्यंत देशातून हिवताप गेल्यात जमा झाला.

त्या मोहिमेत केंद्राचा पैसा होता, म्हणजे थंड उत्तरेतल्या करदात्यानेही मिसिसिपीतल्या शेतमजुराच्या भिंतीवरच्या फवारणीचा खर्च उचलला होता. तेव्हा घर म्हणजे सगळा देश, हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. घराची हद्द देशाच्या सीमेवरच संपते का, हा नीतीचा प्रश्न आहे आणि त्यावर सुजाण माणसांचेही एकमत होणार नाही. डास मात्र सीमा मानत नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा, टेक्सास, मेरीलँड आणि आर्कान्सामध्ये परदेशी न गेलेल्या माणसांना हिवताप झाला. वीस वर्षांत अमेरिकेत असे घडले नव्हते.

वाचलेला पैसा घरी येतो का

‘तिकडे देण्यापेक्षा इकडे द्या’ म्हणताना दोन्ही खर्च एकाच थैलीतून होतात, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत तसे नाही. परदेशी मदतीची तरतूद एका वार्षिक विधेयकात असते. देशातल्या आरोग्य खात्यांची तरतूद वेगळ्या विधेयकांत. आणि ज्येष्ठांचा व गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे ‘मेडिकेअर’ आणि ‘मेडिकेड’, मुख्यतः कायम कायद्यांनुसार चालतो. एका ठिकाणची तरतूद रद्द केली, तर ती दुसऱ्या ठिकाणी आपोआप जाऊन बसत नाही. त्यासाठी वेगळा निर्णय आणि वेगळे मतदान लागते.

२०२५ मध्ये हे प्रत्यक्षात दिसले. २० जानेवारीला अध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशी विकासमदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. १ जुलैला मदत पोहोचवणारी ‘यूएसएड’ ही संस्था अधिकृतपणे बंद झाली. त्याच महिन्यात काँग्रेसने आधी मंजूर केलेल्या सुमारे ९०० कोटी डॉलरच्या तरतुदी रद्द केल्या, त्यांतला मोठा भाग परदेशी मदतीचा होता. हा पैसा मेडिकेडकडे वळला नाही. ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने मेडिकेडमध्येच मोठी कपात केली. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे त्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत सुमारे १ कोटी लोकांची भर पडेल. दूरचा आणि घरचा, दोघेही एकाच महिन्यात कापले गेले.

ब्रिटनची गोष्ट निराळी असली तरी धडा तोच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत देण्याचे बंधन तिथे २०१५ मध्ये कायद्यात आले. २०२१ मध्ये मदत ०.५ टक्क्यांवर उतरली, आणि २०२७ पर्यंत ती ०.३ टक्के करण्याची घोषणा पंतप्रधान स्टार्मर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. वाचणारा पैसा संरक्षणासाठी आहे, हे त्यांनी उघडच सांगितले. रुग्णालयांपुढच्या रांगांसाठी तो नव्हता. शिवाय २०२३ साली ब्रिटनच्या मदतीचा चौथ्याहून अधिक हिस्सा ब्रिटनमध्येच, निर्वासितांची सोय करण्यात खर्च झाला होता.

मदतीतला खरा दोष

याचा अर्थ मदतीवर आक्षेपच घेऊ नये असा नाही. झांबियाच्या अर्थतज्ज्ञ डॅम्बिसा मोयो यांनी २००९ मध्ये मच्छरदाण्या विणणाऱ्या आफ्रिकी कारखानदाराचे उदाहरण दिले: परदेशातून फुकट मच्छरदाण्यांचा ढीग येतो आणि त्याचा धंदा बसतो. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचा मुद्दा याहून खोल आहे. सरकारचा खर्च जनतेच्या कराऐवजी परक्याच्या पैशावर चालू लागला, की सरकारचे जनतेला उत्तर देणे सैल पडते. २००१ मध्ये अबुजा इथे आफ्रिकी देशांनी अंदाजपत्रकाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. ते पाळणारे देश थोडेच निघाले.

मग मच्छरदाण्या विकत द्याव्यात का? पश्चिम केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपा यांनी गरोदर बायकांच्या दवाखान्यांत हे तपासून पाहिले. किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेताच मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्केबिंदूंनी घसरले. फुकट मिळालेली मच्छरदाणी वाया जाते, असेही आढळले नाही. म्हणजे मच्छरदाणी घरी फुकट पोहोचणेच योग्य. तिचे बिल शेवटी कोणते सरकार भरणार, एवढाच प्रश्न उरतो.

मध्येच सोडले तर

या प्रश्नाला घाईने उत्तर देता येत नाही, कारण हिवताप दबा धरून बसतो. श्रीलंकेत १९६३ साली त्याचे फक्त १७ रुग्ण उरले होते. नियंत्रण सैल झाले, आणि १९६८-६९ च्या साथीत रुग्णसंख्या पाच लाखांच्या वर गेली. हा देश हिवतापमुक्त जाहीर व्हायला २०१६ उजाडले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरातले हिवताप उलटल्याचे ७५ प्रसंग तपासले. त्यांतल्या ६८ प्रसंगांत नियंत्रण कार्यक्रम ढिला पडणे हे एक कारण होते, आणि त्यांतही निम्म्याहून अधिक वेळा मूळ पैशाच्या चणचणीत होते.

यामागची यंत्रणा शरीरातच आहे. वारंवार हिवताप होऊन वाचलेल्या माणसात अर्धवट प्रतिकारशक्ती तयार होते. मच्छरदाण्यांच्या आडोशाने वाढलेल्या मुलांत ती नसते. मच्छरदाणी साधारण तीन वर्षे टिकते. त्यानंतर नवी आली नाही, तर रोग अशा पिढीत शिरतो जिचे शरीर त्याला ओळखत नाही.

म्हणून मदत कमी करायची तर तिचा वेग मच्छरदाणीच्या आयुष्यावरून ठरायला हवा. दर तीन वर्षांच्या वाटपात देणाऱ्या देशाचा वाटा थोडा उतरावा आणि मदत घेणाऱ्या देशाच्या सरकारचा तेवढाच चढावा, हे आधी लिहून ठरलेले असावे. ग्लोबल फंड मदत घेणाऱ्या देशांना स्वतःचा हिस्सा घालायला लावतो, तो याच विचाराने. ही वाट लांबची आहे. २०२३ मध्ये हिवतापाविरुद्ध जगाला ८३० कोटी डॉलर हवे होते आणि मिळाले ४०० कोटी; त्यांतला सुमारे एक तृतीयांश रोगग्रस्त देशांच्या सरकारांचा होता.

‘आधी घरचं बघा’ असे कोणताही नेता म्हणेल, तेव्हा मतदाराने त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. तिकडून काढलेला पैसा घरच्या कोणत्या दवाखान्याच्या, कोणत्या विम्याच्या तरतुदीत घातला, ते विधेयक दाखवा. आणि तीन वर्षांनी त्या मच्छरदाण्या फाटतील तेव्हा नव्या कोण घेणार, हे कोणाशी ठरवले ते सांगा. पहिल्याचे उत्तर नसेल तर घरच्यांना काही मिळालेले नाही. दुसऱ्याचे नसेल तर आजवर खर्च झालेला पैसाही पाण्यात जाणार आहे.