जाळ्याची गती व वर्गातील पाठ

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिक्षकबंधुभगिनींनी 'दीक्षा'वरील पाठ भ्रमणध्वनीवर दाखविताना हिशेब आधी करावा; पाठ मध्येच अडला की मुलांचे लक्ष उडते. पाठाचे आकारमान बाइटमध्ये, तर जाळ्याची गती बिटमध्ये सांगतात, आणि एका बाइटचे बिट आठ. म्हणजे 30 मेगाबाइटचा पाठ 240 मेगाबिट झाला. टूजीवर सेकंदास 0.2 मेगाबिट मिळाल्यास त्याला 20 मिनिटे लागतील. आता बहुतेक मावळलेल्या थ्रीजीवर 2 मिळाल्यास 2 मिनिटे. फोरजीवर 10 मिळाल्यास 24 सेकंद. (हेच उदाहरण मुलांना गणितासही घालता येईल.) देशात 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली फाइव्हजी याहून वेगवान खरी, परंतु तिच्यातील अधिक वारंवारतेच्या लहरी दूरच्या वस्तीवरील शाळेपर्यंत पोचतीलच असे नाही. शिवाय एका मनोऱ्याची गती सर्व ग्राहकांत वाटली जाते. सबब पाठ आदल्या रात्रीच उतरवून ठेवावा.