कॅनडाचं वर्क परमिट आणि आपला सातबारा



ऊस विकास अधिकाऱ्यानं बेणं, खत, पाणी यांवर लिहावं. हे परदेशातल्या परवान्याचं कुठून काढलं, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. कारण सांगतो. शेतकी ऑफिसात ऊसबिलाचा दाखला मागायला येणाऱ्यांत आता मुलामुलींच्या परदेशी शिक्षणासाठी येणारेही असतात. दाखला बँकेत जातो. साडेसात लाखांच्या वर कर्ज मागितलं की बँक बहुधा तारण मागते. मग घर गहाण पडतं, नाहीतर रान विकलं जातं. आणि हा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर उभा असतो : शिक्षण संपल्यावर तिथं नोकरी करू देतील आणि त्या पगारातून कर्ज फिटेल. पण ती परवानगी कुणाला मिळते, किती दिवसांची मिळते, हे आधी विचारून आलेला सभासद मला क्वचितच भेटला आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदानं असाच दाखला नेला. मुलगा कॅनडात, ओंटारिओ प्रांतात, बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायला निघालेला. "दोन वर्षं शिक्षण, तीन वर्षं परमिट, पुढं पी.आर.," असं एजंटानं सांगितलेलं. विहिरीजवळचं एकर विकून फी भरली. कॉलेज होतं खाजगी. शिकवायचं सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम आणि सर्टिफिकेटही त्याच सरकारी कॉलेजचं. कागदावर सगळं ठीक. पण कॅनडा सरकारनं ठरवलं होतं, की अशा भागीदारीतल्या खाजगी कॉलेजात १५ मे २०२४ पासून पुढं जो अभ्यासक्रम सुरू करील, त्याला शिक्षणानंतरचं वर्क परमिट नाही. पोरगं गेलं सप्टेंबरात. नियम आधीचा, पोरगं नंतरचं. बापाला पत्ता नाही, पोराला नाही, एजंटाला होता की नव्हता देव जाणे.

थंडीत खोलीवरच्या मित्राकडून त्याला हे कळलं. कॉलेज बदलू म्हणाला, तर ८ नोव्हेंबर २०२४ पासून संस्था बदलायची तर नवं स्टडी परमिट काढावं लागतं. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून जो स्टडी परमिटचा अर्ज करील, त्यानं डिप्लोमा घ्यायचा असेल तर विषय सरकारी यादीतला हवा. साधे बिझनेसचे डिप्लोमे त्या यादीत बहुतेक नाहीत. नवी फी कुठून आणायची, हा प्रश्न होताच. २०२५ मध्ये तो परत आला. आता वडिलांबरोबर ठिबकची कामं घेतो, चांगली करतो. पण एकर गेलं ते गेलं.

त्या दाखल्यावर सही माझी होती. दाखला खरा होता. पण कॉलेज कुठलं, विषय कुठला, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही, म्हणून हा लेख.

आता हे परमिट काय चीज आहे ते पाहू. कॅनडात शिक्षण पुरं केलेल्या परदेशी विद्यार्थ्याला कुठल्याही मालकाकडं काम करता यावं म्हणून ते देतात. जन्मात एकदाच मिळतं. म्हणजे आपल्या भाषेत, याला खोडवा नाही. एक वर्षाच्या छोट्या कोर्सवर ते वापरून टाकलं आणि पुढं मोठी पदवी घेतली, तरी दुसऱ्यांदा मिळत नाही. मुदतही आपल्या लागणीसारखी, सुरू आणि आडसाली वेगळी. कोर्स निदान ८ महिन्यांचा लागतो. ८ महिन्यांहून जास्त पण २ वर्षांहून कमी असेल, तर कोर्स जेवढा तेवढंच परमिट. २ वर्षांचा किंवा जास्त असेल तर ३ वर्षं. फक्त मास्टर्स पदवीला सवलत आहे : फेब्रुवारी २०२४ पासून तिचा कोर्स ८ महिन्यांचा असला तरी ३ वर्षांपर्यंत परमिट मिळू शकतं. पदवी, मास्टर्स आणि पीएच.डी. यांना वर सांगितलेली विषयांची यादीही लागू नाही. डिप्लोमावाल्यांसाठीच्या यादीत आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कारागिरी, वाहतूक यांबरोबर शेतीही आहे, हे मी स्वतः शेतकी डिप्लोमावाला असल्यानं जरा छाती फुगवून सांगतो.

कॅनडात परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या संस्थांची सरकारी यादी असते. एजंट तीच दाखवतो. पण मान्यता असली म्हणजे वर्क परमिट मिळतंच असं नाही! त्याच यादीत प्रत्येक संस्थेपुढं परमिटासाठी पात्र आहे की नाही, हे लिहिलेलं असतं. बोट ठेवून वाचावं तिथं. नोंद नसलेला ऊस कितीही जोमदार असला, तरी चिटबॉय तोडणी प्रोग्रॅमात धरत नाही, तसंच हे.

आणखी एक खाच. १ नोव्हेंबर २०२४ पासून परमिटाच्या अर्जाबरोबर इंग्रजी किंवा फ्रेंचच्या परीक्षेचा निकाल जोडावा लागतो. विद्यापीठाच्या पदवीला पातळी ७, कॉलेजच्या डिप्लोमाला ५. पुष्कळ मुलांना वाटतं, प्रवेशासाठी आयल्ट्स दिली आहे, तीच चालेल. अकॅडेमिक प्रकारची चालत नाही. जनरल ट्रेनिंगची द्यावी लागते, आणि निकाल २ वर्षांच्या आतला हवा. शिक्षण संपल्यापासून १८० दिवसांत अर्ज करायचा असतो, त्यामुळं ही परीक्षा शेवटच्या सत्रातच उरकलेली बरी. पासपोर्टचंही बघा. पासपोर्ट संपतो त्यापुढचं परमिट देत नाहीत. नवा पासपोर्ट करून उरलेले महिने मागून घ्यावे लागतात. मधे नोकरीवाला मालक थांबतो का, हा वेगळा प्रश्न.

अमेरिका-इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांना आणखी २४ महिने. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढच्या एच-१बी व्हिसाला वर्षाला ८५,००० ची मर्यादा, त्यात नंबर लागावा लागतो. इंग्लंडमध्ये २ वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीडच वर्ष, पीएच.डी.ला मात्र ३.

मुलांना पाठवू नका असं माझं म्हणणं नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षानं सुरू होतो आणि तो दहा-पंधरा वर्षं चालतो. परमिट फार तर तीन वर्षांचं. पी.आर. मिळेलच अशी हमी कुठलंही सरकार देत नाही. देतो तो एजंट, तोही तोंडी. हा हिशेब घरात बसून, पोराला समोर बसवून, आईलाही विचारून करावा.

यापुढं शिक्षणासाठी ऊसबिलाचा दाखला हवा असल्यास प्रवेशपत्राची झेरॉक्स सोबत आणावी. दाखला त्याशिवायही मिळेल, अडवणूक नाही. पण झेरॉक्स असली तर संस्थेचं नाव आपण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सरकारी यादीत मिळून पाहू, आणि कोर्सची तारीख व विषयही. पंधरा मिनिटांचं काम आहे. शक्यतो मुलालाच पाठवा, आणि तोडणी प्रोग्रॅमच्या गर्दीत नको, दुपारी तीननंतर.