खाऱ्या पाण्यातील शेवाळ
खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय नव्याने मांडणाऱ्यास पहिल्या काही आठवड्यांतच काचेवर जो तपकिरी थर दिसतो, तो बहुधा डायटम नामक एकपेशीय शैवालाचा असून, पाण्यातील सिलिकेट संपत आले म्हणजे तो आपोआप ओसरतो. त्यावर औषधे ओतण्याची घाई मला सर्वथा अनुचित वाटते. हिरव्या शेवाळाची हकीकत निराळी. माशांच्या उत्सर्गातून व उरल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि हेच नायट्रेट फॉस्फेटच्या जोडीने शेवाळाचे पोषण करते. म्हणून खाद्य बेताने घालणे, दिवे मर्यादित वेळच लावणे आणि पाण्याचा काही हिस्सा नियमाने बदलणे, हाच त्याचा खरा बंदोबस्त. बाष्पीभवनाने झालेली तूट मात्र शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी, कारण पाणी उडाले तरी क्षार मागे राहतात, आणि समुद्रात त्यांचे प्रमाण लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅमच आहे.