चांद्याचा कोळसा आणि दिल्लीचें उत्तर

लोकसभेंत विरोधी बाकावर बसणारा सभासद करतो तरी काय, असें कोणीं विचारलें तर आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें आरडाओरडा, सभात्याग आणि तहकुबी हींच चित्रें उभीं राहतात. वर्तमानपत्रांनाही तींच आवडतात. परंतु या गोंगाटापलीकडे एक निमूट, कंटाळवाणें आणि चिकाटीचें काम चाललेलें असतें. चंद्रपूरच्या एका सभासदानें तें कसें केलें, त्यांतून काय निघालें आणि काय निघालें नाहीं, एवढेंच येथें वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

चंद्रपूर म्हणजे जुना चांदा. १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वर साग, बांबू आणि तेंदू. खालीं वर्धा नदीच्या खोऱ्यांत दगडी कोळसा, आणि पूर्वेकडे सुरजागडच्या डोंगरांत लोखंड. इतकी संपत्ति पायांखालीं असलेला मुलूख श्रीमंत असावयास हवा. प्रत्यक्षांत येथील औष्णिक केंद्राची २,९२० मेगावॅट वीज दूरदूरच्या शहरांस उजळते आणि राख मात्र येथें उरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची प्रतवारी लावली, तेव्हां ८३.८८ गुणांनीं चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. परीक्षेंत असा वरचा क्रमांक कोणास नको असतो!

अशा मुलुखानें अधिकारारूढ पक्षाबाहेरचीं माणसें वेळोवेळीं दिल्लीस पाठविलीं, यांत नवल नाहीं. १९६२ सालीं आदिवासींचे पुढारी लाल श्यामशाह येथून अपक्ष म्हणून निवडून आले. परंतु आपल्या लोकांच्या गाऱ्हाण्यांची दाद लागत नाहीं असें पाहून त्यांनीं जागा सोडली, आणि १९६४ सालीं पोटनिवडणूक घ्यावी लागली. १९६७ सालीं पुन्हां एक अपक्ष, कौशिक, निवडून आले, तर १९७७ सालीं अहेरीचे राजे विश्वेश्वरराव. लाल श्यामशाहांचा त्याग मोठा, यांत शंका नाहीं. परंतु राजीनाम्याचा आवाज एकदांच होतो आणि मग खुर्ची मुकी राहते. तीच खुर्ची न सोडतां तिच्यावर बसून त्रास देत राहणें, हा दुसरा मार्ग. श्री. हंसराज अहीर यांनीं तो धरला.

अहीर हे भारतीय जनता पक्षाचे. १९९६ सालीं ते प्रथम निवडून आले, १९९८ व १९९९ सालीं पराभूत झाले, आणि २००४ पासून पुढें दहा वर्षें विरोधी बाकावर बसले. वक्तृत्वाबद्दल त्यांची ख्याति नाहीं. त्यांचें नांव झालें तें प्रश्नांमुळें आणि पत्रांमुळें.

प्रश्न विचारणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. निदान पंधरा दिवस आधीं सूचना द्यावी लागते. शेंकडों सूचनांतून सोडत निघते. एका दिवशीं वीसच प्रश्न तारांकित, म्हणजे मंत्र्यानें उभें राहून तोंडी उत्तर द्यावयाचे, आणि त्यांतलेही थोडेच तासाभरांत पुरे होतात. उरलेले २३० अतारांकित; त्यांचें उत्तर लेखी येतें. आमच्या मतें खरी किंमत या लेखी उत्तराचीच आहे. तोंडी उत्तर देतांना मंत्री विनोद करून निसटूं शकतो. लेखी उत्तरास परिशिष्ट जोडावें लागतें. कोणता खाणपट्टा, कोणत्या राज्यांत, कोणत्या कंपनीस, कोणत्या सालीं दिला, हे रकाने एकदां छापले गेले कीं मग ते पुसतां येत नाहींत. घरांतील जमाखर्चाची वही ज्या गृहिणींनीं वर्षानुवर्षें सांभाळली आहे, त्यांस यांतलें मर्म निराळें सांगावयास नको.

आतां कोळशाची हकीकत. १९७३ सालीं देशांतील कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. पुढें पोलादाच्या, आणि १९९३ पासून विजेच्या कारखान्यांस स्वतःच्या वापरापुरत्या खाणी देण्याची मुभा ठेवण्यांत आली. त्या कोणास द्यावयाच्या हें एक छाननी समिति ठरवी. लिलाव नाहीं, निविदा नाहींत. अर्ज करावयाचा आणि समितीच्या मर्जीची वाट पाहावयाची. कोळशाचे भाव चढूं लागले तसे अर्जही वाढूं लागले. चंद्रपूर जिल्ह्यांतील पट्टे असेच वाटले जात होते, आणि जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यास पट्टा कोणास व कां मिळाला हें कोणी सांगत नव्हतें. अहीरांची तक्रार आपल्या जिल्ह्यांतील खाणींपासून निघाली आणि हळूहळू साऱ्या देशाच्या यादीपर्यंत पोंचली. त्यांनीं सरकारला पत्रांमागून पत्रें लिहिलीं. शेवटीं त्यांच्या व त्यांच्याच पक्षाचे प्रकाश जावडेकर यांच्या तक्रारीवरून केंद्रीय दक्षता आयोगानें प्रकरण सी.बी.आय.कडे सोंपविलें, आणि जून २०१२ च्या आरंभीं प्राथमिक चौकशी सुरू झाली.

त्याच वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं महालेखापालांचा अहवाल संसदेपुढें आला. लिलाव न केल्यानें खाजगी कंपन्यांस सुमारें १ लाख ८६ हजार कोटि रुपयांचा लाभ झाला, असा त्यांचा अदमास होता. पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनीं २७ ऑगस्ट रोजीं लोकसभेंत निवेदन करून हा हिशेब अमान्य केला, आणि लिलावास कांहीं राज्यांचाच विरोध होता असें सांगितलें. त्या राज्यांत विरोधी पक्षाचीं सरकारें असलेलींही होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

येथें एक गोष्ट मनास खटकते. पंतप्रधानांच्या राजीनाम्याची मागणी करीत अहीरांच्याच पक्षानें तें पावसाळी अधिवेशन जवळजवळ पुरतें बंद पाडलें. ज्या प्रश्नोत्तराच्या तासामुळें असलीं प्रकरणें उजेडांत येतात, तोच तास गोंधळांत बुडाला. त्या दिवसांत दुसऱ्या कोणा जिल्ह्यांतील किती गाऱ्हाणीं न विचारतां राहिलीं असतील, याचा हिशेब कोणत्याही महालेखापालानें मांडलेला नाहीं.

निकाल लागला तो सर्वोच्च न्यायालयांत. २५ ऑगस्ट २०१४ रोजीं सरन्यायाधीश लोढा यांच्या पीठानें १९९३ पासूनचें छाननी समितीच्या मार्गानें झालेलें वाटप बेकायदा ठरविलें, आणि २४ सप्टेंबर रोजीं २१८ पैकीं २१४ पट्टे रद्द केले. १९९३ पासून म्हणजे अनेक पक्षांच्या सरकारांचें वाटप. विचारणाऱ्याचा पक्षही त्यांतून सुटला नाहीं.

रद्द झालेल्या पट्ट्यांत भद्रावती तालुक्यांतील बरांजची खाण होती. ती कर्नाटकच्या वीजमंडळास २००३ सालीं मिळालेली. येथला कोळसा बेल्लारीच्या केंद्रास जाई. न्यायालयानें चालू खाणींस दिलेली मुदत ३१ मार्च २०१५ रोजीं संपली आणि काम थांबलें. ज्यांचीं शेतें खाणींत गेलीं होतीं त्यांची मजुरीही गेली, आणि पुनर्वसनाचा प्रश्न लोंबकळत राहिला. पुढें कांहीं वर्षांनीं खाण पुन्हां सुरू झाली, पण गांवकऱ्यांचीं आंदोलनेंही सुरूच राहिलीं. दिल्लीस न्याय झाला. बरांजच्या शेतकऱ्यास त्यांतून काय मिळालें, याचें उत्तर कोणत्याही परिशिष्टांत छापलें गेलें नाहीं.

तोंवर अहीर स्वतः सरकारांत गेले होते. २०१४ च्या नोव्हेंबरांत ते राज्यमंत्री झाले, आणि मंत्री झालेला मनुष्य प्रश्न विचारीत नाहीं, उत्तरें देतो. २०१९ सालीं काँग्रेसचे बाळू धानोरकर यांनीं त्यांचा सुमारें ४५ हजार मतांनीं पराभव केला. महाराष्ट्रांतील ४८ जागांपैकीं त्या वेळीं काँग्रेसला मिळालेली ही एकुलती एक जागा. पक्ष बदलला, बाक तोच राहिला; भूसंपादन आणि खाणग्रस्तांचीं गाऱ्हाणीं आतां भद्रावतीच्याच माणसाकडे आलीं. परंतु ३० मे २०२३ रोजीं धानोरकर अकालीं निवर्तले. पोटनिवडणूक झाली नाहीं. जवळजवळ एक वर्ष चंद्रपूरच्या नांवानें लोकसभेंत सूचना देणारें कोणीच नव्हतें. खाणी मात्र त्या वर्षींही चालल्याच.

२०२४ सालीं त्यांच्या पत्नी प्रतिभाताई धानोरकर अडीच लाखांहून अधिक मतांनीं निवडून आल्या, आणि शेजारच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघांतून नामदेव किरसान. दोघेंही काँग्रेसचीं, म्हणजे विरोधी बाकावरचीं. एकीकडे बरांजचें पुनर्वसन. दुसरीकडे सुरजागडचें लोखंड, ज्यावर नांगर नव्हे तर यंत्रें चालूं लागलीं आहेत, आणि वडसा ते गडचिरोली हा जेमतेम ५० किलोमीटरांचा रेल्वेमार्ग, जो मंजूर होऊन कितीएक अर्थसंकल्प उलटून गेले. सूचनेची मुदत अजूनही पंधरा दिवसांचीच आहे.