जोउहोउ बेइजी फांग

प्राचीन चिनी वैद्यकातील औषधयोगांचा एक प्रसिद्ध संग्रह. ‘तातडीच्या प्रसंगी हाताशी असावेत असे योग’ असा नावाचा आशय असून ‘जोउहोउ’ म्हणजे ‘कोपरामागे’. झग्याच्या रुंद बाहीत बाळगता येईल असा हा ग्रंथ होय. पूर्व जिन राजवंशाच्या काळातील ताओपंथी किमयागार व वैद्य गे हुंग (सु. २८३–३४३) याने तो रचला. तत्कालीन ग्रंथांतील महागडी द्रव्ये गोरगरिबांना मिळत नसत, म्हणून त्याने आपल्याच एका विस्तृत संग्रहातून सहज उपलब्ध होणाऱ्या द्रव्यांचे योग निवडले.

मूळ ग्रंथाचे तीन भाग व ८६ प्रकरणे होती. ताव हुंगजिंग (४५६–५३६) याने इ. स. ५०० च्या सुमारास त्यांची पुनर्रचना करून ती १०१ केली. ही संख्या बौद्ध परंपरेतील १०१ व्याधींच्या कल्पनेशी निगडित आहे. ११४४ मध्ये यांग युंगदाव याने आणखी योग जोडले. उपलब्ध प्रत आठ भागांची असल्याने तिच्यातील प्रत्येक योग गे हुंगचा मानता येत नाही. देवीच्या रोगाचे चीनमधील एक अतिप्राचीन वर्णन या ग्रंथात आढळते. पिसाळलेला कुत्रा चावल्यास त्याच कुत्र्याचा मेंदू जखमेवर लावावा, असाही उपाय त्यात आहे.

हिवतापावरील प्रकरणात अनेक योग दिले असून मंत्रतंत्रादी उपायही आहेत. त्यांपैकी एका योगात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, न उकळता, पिळून काढलेला रस पिण्यास सांगितला आहे. चीनने १९६७ मध्ये हिवतापाच्या औषधासाठी गुप्त संशोधन प्रकल्प सुरू केला. त्यात १९६९ पासून काम करणाऱ्या तू यूयू यांना या वनस्पतीच्या अर्काचे परिणाम अनिश्चित आढळत होते. वरील योगावरून उष्णतेने गुणकारी घटक नष्ट होत असावा, असे त्यांनी अनुमान केले. १९७१ मध्ये ईथर वापरून कमी तापमानास काढलेला अर्क प्राण्यांतील हिवतापावर पूर्णपणे प्रभावी ठरला. पुढील वर्षी आर्टेमिसिनीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. ते आर्टेमिसिया ॲन्युआ या जातीत असते. आपल्याकडील दवणा याच प्रजातीतील होय. या कार्याबद्दल तू यूयू यांना २०१५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या यशावरून ग्रंथातील इतर योग सिद्ध होत नाहीत. आर्टेमिसिनीन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे घरगुती रसातील वा काढ्यातील त्याचे प्रमाण अनिश्चित राहते. अपुऱ्या मात्रेमुळे रोग बळावण्याचा व परजीवींत औषधरोध निर्माण होण्याचा धोका असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वनस्पतीच्या अशा वापरास पाठिंबा नाकारला. जुन्या योगसंग्रहांचे वैद्यकीय मूल्य प्रामुख्याने ते संशोधनास पुरवीत असलेल्या सूचनांत आहे. त्यांची उपयुक्तता प्रयोगानेच ठरते.