काळवीट डाळ कुठून आणतो?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात काळवीट राहतात, हे तुम्हाला माहीत होतं का? हो, तोच आपला काळवीट! वरून काळा, पोटाखाली पांढरा, डोक्यावर पीळदार शिंगं. १९३२ साली तिथल्या एका मोठ्या कुरणात काही काळवीट सोडले गेले. त्यांना तिथली हवा मानवली आणि आता त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली आहे.

टेक्सासमध्ये अशी खासगी मालकीची कुरणं पुष्कळ आहेत. काही मोठी, काही अगदी छोटी. तिथे पैसे मोजून शिकार करायची परवानगी असते आणि शिकाऱ्यांना मोठ्या शिंगांचं हरीण हवं असतं. म्हणून बरेच मालक रानात पिंपं उभी करतात आणि त्यांत खुराक भरून ठेवतात. हा खुराक म्हणजे आपल्याकडे दुभत्या म्हशीला घालतात तशी गोळी पेंड. सोयाबीन, लसूणघास असं काय काय एकत्र दळून केलेली. तिच्यात साधारण १६ ते २० टक्के प्रथिनं असतात. हा खुराक मुख्यतः तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी असतो. टेक्सासमधल्या केर या वन्यजीव क्षेत्रात १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी काही हरणांना ८ टक्के प्रथिनांचा चारा दिला आणि काहींना १६ टक्क्यांचा. १६ टक्केवाली हरणं वजनाने भरली आणि त्यांची शिंगंही मोठी झाली.

त्या हरणांची शिंगं हाडाची असतात. दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नव्याने उगवतात. आपल्या चितळाचंही तसंच. दरवर्षी डोक्यावर एवढं हाड उभं करायचं म्हणजे प्रथिनं हवीतच! काळविटाचं शिंग मात्र गळत नाही. आत हाडाचा गाभा आणि वरून आपली नखं ज्या पदार्थाची बनतात त्याच केराटिनचं आवरण. काळवीट हा खरं तर चितळाच्या कुळातला नाहीच, तो गाय-शेळीच्या कुळातला. गावात मात्र सगळ्यांना हरणंच म्हणतात, आपणही म्हणू या.

आता बीड जिल्ह्यात या. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे सगळे तालुके बालाघाटाच्या डोंगररांगेच्या आसऱ्याने वसलेले आणि पावसाच्या बाबतीत कायम ओढाताणीचे. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेलं. नाव मोराचं, पण तिथे चिंकारा आणि काळवीटही आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार करायला बंदी आहे. त्यामुळे शिंगं मोठी व्हावीत म्हणून इथे कुणी पेंडीची पिंपं मांडत नाही.

मग चैत्र-वैशाखात, माळावरचं गवत वाळून कोळ झालेलं असताना, आपला काळवीट प्रथिनं कुठून मिळवतो? वाळक्या गवतात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के असतात. तुमच्या ताटात वरण असतं, उसळ असते. काळविटाला डाळ कोण वाढतं?

याचं पहिलं उत्तर त्याच्या पोटात आहे. काळविटाच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातल्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात तो भराभर खाल्लेलं गवत साठवतो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. त्या कप्प्यात इडलीच्या पिठासारखं सगळं आंबत असतं, कारण तिथे जीवाणूंची वस्ती आहे. वस्ती म्हणजे किती? तिथला चमचाभर रस घेतला, तर त्यात पाच हजार कोटींच्या आसपास जीवाणू निघतील. साऱ्या जगातली माणसं मिळूनही हजार कोटी होत नाहीत!

हे जीवाणू गवताचे चिवट धागे फोडतात आणि स्वतःची संख्या वाढवतात. जीवाणूच्या सुकलेल्या शरीराचा निम्म्याच्या आसपास भाग प्रथिनांचा असतो. मग हे अब्जावधी जीवाणू वाहत पुढच्या कप्प्यांत जातात आणि तिथे काळवीट त्यांनाच पचवतो. आपण गवत खाणारा म्हणतो तो प्राणी पोटातल्या पोटात जीवाणूंचं जेवण जेवत असतो!

याहून भारी गोष्ट पुढे आहे. आपल्या शरीरात युरिया तयार होतो आणि लघवीवाटे निघून जातो. युरियात नायट्रोजन असतो आणि प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतोच. चारा निकृष्ट असला की काळविटाचं शरीर हा युरिया सहजासहजी सोडत नाही. तो रक्तातून लाळेत आणि पोटाच्या भिंतीतून पुन्हा त्या पहिल्या कप्प्यात पाठवतं. जीवाणू त्याचं पुन्हा प्रथिन करतात. गायी, शेळ्या, मेंढ्याही असंच करतात. मला तर रवंथ करणारं कुठलंही जनावर दिसलं की त्याच्या गालांआड हा कारखाना चाललाय, याचंच नवल वाटत राहतं.

पण याला मर्यादा आहे. चाऱ्यातली प्रथिनं सहा-सात टक्क्यांच्या खाली गेली की जीवाणूच अर्धपोटी राहतात. त्यांचं काम मंदावतं, गवत पोटात पडून राहतं आणि जनावर हळूहळू खंगतं. मग बाहेरून भर हवी.

ती भर कुठे आहे, ते पाहायचं असेल तर हरभऱ्याचं एक रोपटं मुळासकट उपटा. (घरचं शेत नसेल तर आधी विचारा!) मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती कामात आहे असं समजा. या गाठींतही जीवाणूच राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. गाठीतले जीवाणू तो पकडून झाडाला देतात. म्हणून हरभरा, तूर, मूग या शेंगावाल्या पिकांत एवढी प्रथिनं असतात. हरभऱ्याच्या दाण्यात तर २० टक्क्यांच्या आसपास! टेक्सासच्या पिंपातल्या पेंडीइतकी.

आणि हे हरणांना ठाऊक आहे. हिवाळ्यात ती कोवळ्या हरभऱ्यात शिरतात, शेंडे खुडतात, तुरीवर तोंड टाकतात. एका रात्रीत कळप निम्मं वावर लोळवतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वर्षाला एकच पीक येतं, त्यात हे. सरकार नुकसानभरपाई देतं, पण अर्ज, पंचनामा, वाट पाहणं आलंच. टेक्सासमध्ये हरणांच्या प्रथिनांचे पैसे कुरणाचा मालक स्वतःच्या हौसेने भरतो. बीडमध्ये ते शेतकरी भरतो, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं. हरणांवर माया करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यात वावरं रिकामी होतात. तेव्हा कामाला येते बाभूळ. तीही शेंगावाली, तिच्याही मुळांवर गाठी. गवत वाळून गेलेलं असतं नेमक्या त्याच दिवसांत बाभळीच्या शेंगा पिकून खाली पडतात आणि त्यांत १२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. शेळ्या राखणाऱ्या कुणालाही विचारा, शेंगांवर शेळ्या कशा तुटून पडतात ते सांगतील. बोरीचा पालाही असाच पौष्टिक. चिंकारा तर गवतापेक्षा झाडाझुडपांचा पाला जास्त खातो आणि त्यातल्या ओलाव्यावर पाण्यावाचूनही बरेच दिवस काढतो. काळवीट वेड्या बाभळीच्या शेंगाही खातात, पण तिथे एक घोटाळा होतो. बिया न पचता लेंड्यांतून बाहेर पडतात, रुजतात आणि गवताळ माळ काट्यांनी भरून जातो.

मग आपणच चार पोती ज्वारी नेऊन माळावर ओतली तर? नको! धान्यात मुख्यतः स्टार्च असतो. गवताची सवय असलेल्या पोटात एकदम धान्य पडलं की भलतेच जीवाणू माजतात, आम्ल वाढतं, आणि भरल्या पोटी जनावर मरू शकतं. शिवाय एकाच जागी खाणं ठेवलं की कळप तिथेच गर्दी करतात, रोग पसरतात, कुत्र्यांनाही शिकारीची जागा कळते. अमेरिकेतल्या काही राज्यांनी तर हरणांच्या एका जीवघेण्या मेंदूरोगामुळे असं खाऊ घालण्यावर बंदी घातली आहे. त्यापेक्षा बांधावरची बाभूळ-बोर राखणं, गायरानाला वणवा लागू न देणं आणि पाणवठे भरलेले ठेवणं कितीतरी चांगलं.

आता पाडसाच्या जेवणाचं पाहू. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाच्या पोटात जीवाणूंचा कारखाना अजून सुरूच झालेला नसतो. ते दूध पिताना घशापुढे एक पन्हळ तयार होते आणि दूध पहिला कप्पा टाळून थेट शेवटच्या कप्प्यात जातं. पुढे आई चाटते, पाडस तिच्याजवळचं गवत हुंगतं, चघळतं, तेव्हा कामाचे जीवाणू त्याच्या पोटात शिरतात आणि काही आठवड्यांत रवंथ सुरू होतो. दूधही आईचं, जीवाणूही बरेचसे आईकडूनच!

ही आई पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. ते एकटं, निश्चल पडलेलं असतं. लोकांना वाटतं ते पोरकं आहे. कुणी उचलून घरी आणतं, गायीचं दूध पाजतं आणि पाडस हगवणीने आजारी पडतं. तेव्हा पाडस दिसलं तर हात न लावता लांब जा, म्हणजे आईला परत येता येईल. ते जखमी असेल किंवा कुत्री मागे लागली असतील, तर मोठ्यांना सांगून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र आहे. तिथे जखमी वन्यजीवांवर उपचार करून, ते बरे झाले की त्यांना पुन्हा रानात सोडतात.