ट्रोलिंगसाठी फिशिंग रॉड किती लांब हवा? छोट्या होडीचं सोपं गणित

'ट्रोलिंग' म्हटलं की आपल्याला सोशल मीडियाच आठवतो. मासेमारीत मात्र याचा अर्थ वेगळा आहे. होडी सावकाश चालवायची आणि मागे दोऱ्याला बांधलेला नकली मासा, म्हणजे लुअर, ओढत न्यायचा. मरळ, शिंगटा असे शिकारी मासे त्याच्यावर झडप घालतात. रोहू-कटल्यासाठी ही पद्धत कामाची नाही, ते लुअरच्या मागे लागत नाहीत.

मी पहिल्यांदा भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात गेलो तेव्हा ९ फुटी दोन रॉड घेऊन गेलो होतो. लांब म्हणजे भारी, एवढंच डोक्यात. मासा लागला, मी दोरा पार टोकापर्यंत गुंडाळला आणि मासा हातापासून लांबच लटकत राहिला. तो पकडायला मी उभा राहून बाहेर वाकलो, तशी होडी कलली. होडीवाले काका ओरडले, "आधी खाली बस! मासा गेला तर जाऊ दे." मासा गेलाच. घरी आल्यावर कागद-पेन घेऊन बसलो, तेच गणित आज तुम्हाला सांगतो.

लांब रॉड का वापरतात?

लांबीचा मुख्य फायदा म्हणजे दोरे एकमेकांपासून दूर राहतात. समजा होडी १.२ मीटर रुंद आहे आणि दोन्ही काठांवर रॉड होल्डर आहेत. रॉडचा मुठीकडचा साधारण ४० सेंटिमीटर भाग होल्डरच्या आत राहतो. रॉड काठाशी काटकोनात आडवे लावले तर दोन दोऱ्यांमधलं अंतर असं येतं:

- ६ फुटी (१.८ मीटर) रॉड: १.४ + १.२ + १.४ = ४ मीटर
- ८ फुटी (२.४ मीटर) रॉड: २ + १.२ + २ = ५.२ मीटर

म्हणजे १.२ मीटर जास्त. पण यात एक गंमत आहे. ८ फुटी रॉड ४५ अंशांत मागे झुकवला तर तो बाजूला फक्त १.४ मीटर पोचतो. काटकोनात लावलेला ६ फुटी रॉडही तेवढाच पोचतो! त्यामुळे नवा रॉड घेण्याआधी होल्डरचा कोन तपासा. बऱ्याचदा तिथेच काम होऊन जातं.

लांबीची किंमत कोण मोजतं?

तुमचं मनगट. रॉड म्हणजे उलटी तरफ आहे. पहारीने दगड उचलताना लांब बाजू आपल्या हातात असते, इथे लांब बाजू माशाकडे आहे. समजा दोऱ्याची ताकद ८ किलो आहे. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटायला लागतो तो ताण, साधारण त्याच्या पाव भागावर ठेवतात, म्हणजे २ किलो. आता मुठीपासून टोकापर्यंतच्या अंतराने गुणा:

- ६ फुटी: २ × १.४ = २.८ किलो-मीटर
- ८ फुटी: २ × २ = ४ किलो-मीटर

मासा तोच, दोरा तोच, पण हातावरचा भार जवळपास ४३ टक्के जास्त. रॉड वाकल्यावर हे अंतर थोडं कमी होतं, पण फरक जाणवतोच.

होडीचा तोल

रॉडच्या ओढीने होडी उलटते का? सहसा नाही. वरचे ४ किलो-मीटर फार नाहीत. पण ७० किलोचा माणूस मधून अर्धा मीटर काठाकडे सरकला की ३५ किलो-मीटर होतात, म्हणजे जवळपास नऊ पट. वर तो उभा असेल तर गुरुत्वमध्यही वर जातो. म्हणजे धोका रॉडमध्ये नसतो. लांब रॉड आपल्याला उठून वाकायला लावतो, त्यात असतो.

हे गांभीर्याने घ्या. २१ मे २०२४ ला उजनीच्या याच पाण्यात कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ते मासेमारीला निघाले नव्हते, पण पाणी आणि वारा तोच. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं नाही. वारा उठला की काठाला या.

बसल्या जागी मासा घेण्याची युक्ती अशी: दोरा टोकापर्यंत गुंडाळू नका. रॉडच्या लांबीएवढा दोरा बाहेर ठेवा आणि रॉड मागे कलता करा, मासा आपोआप होडीच्या कडेला येतो. जाळीचा हातपाग असेल तर आणखी सोपं. ९ फुटी रॉड मागे कलता केला की मागे बसलेल्याच्या डोक्यात जातो, म्हणून तो छोट्या होडीत नकोच.

आपल्याकडे कुठे कोणता?

- शिरूरकडे घोड, दौंडजवळ भीमा: पात्र अरुंद, मध्ये बंधारे, जलपर्णी आणि काठाला पंपांचे पाइप. इथे एक किंवा दोन ६ ते ६.५ फुटी रॉड पुरेत. दोरे पसरले की जलपर्णीच जास्त हाताला लागते.
- भिगवणकडे उजनीचं बॅकवॉटर: पाणी रुंद. दोन्ही बाजूंना ७.५ ते ८ फुटी आणि मागे मधोमध एक ६ फुटी. मधला दोरा आखूड सोडा, बाजूचे लांब, म्हणजे गुंता होत नाही. वळताना मोठा वळसा घ्या. आतल्या बाजूचा लुअर मंदावतो आणि दोरे एकमेकांवर येतात.

मटेरियलचं म्हणाल तर ट्रोलिंगला फायबरग्लास चांगला. तो जास्त वाकतो, झटका सोसतो आणि स्वस्तही असतो. कार्बनचा रॉड हलका, पण त्यातून वीज वाहते. आपल्या काठांवर पंपांच्या तारा खाली लोंबत असतात, तिथे तो उभा धरून चालू नका. आणि वीज कडाडायला लागली की कुठलाही रॉड आडवा ठेवून सरळ काठ गाठा.

जाळ्यांचं भान

दोरे ५ मीटर पसरले म्हणजे आपण ५ मीटर रुंद पट्टा विंचरत जातो. वाटेत कुणाचं जाळं असेल तर आपला गळ ते फाडतो. आपला छंद असतो, त्यांचं पोट असतं. धरणांतल्या मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतात, त्यामुळे आधी परवानगी घ्या आणि जाळी कुठे टाकलीत तेही विचारा. स्थानिक होडीवाला सोबत असेल तर दोन्ही कामं होतात.

ऑर्डर करण्याआधी

होडीची रुंदी टेपने मोजा आणि घरी जमिनीवर खडूने तेवढी चौकट आखा. आत पाटावर बसा, ८ फुटी बांबू हातात घ्या आणि टोकाला बांबूएवढीच सुतळी बांधून एक लिटर पाण्याची भरलेली बाटली अडकवा. न उठता ती बाटली हातात आली तर ८ फुटी घ्या. उठावं लागलं, तर ६ फुटीच तुमचा.